‘येतो’ म्हणून बाहेर पडणारा माणूस

माझ्या घराबाहेर एक पाटी आहे. तिच्यावर माझं नाव आणि खाली ‘व्यवसायोपचार तज्ज्ञ’ असं लिहिलेलं आहे. ती वाचून आजवर जितके लोक आत आले, त्यांतले निम्मे नोकरी मागायला आले होते. एक गृहस्थ तर मुलाची मार्कलिस्ट घेऊनच आले आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “बाई, तेवढा ह्याला कुठंतरी चिकटवा की.” मी त्यांना समजावून सांगितलं, की इथे व्यवसाय म्हणजे धंदा किंवा नोकरी नव्हे. अंघोळ करणं, बटणं लावणं, चहा करणं, देवाला फूल वाहणं ही जी कामं माणूस रोज करतो, ती आजारपणात हातची गेली तर त्याला परत मिळवून द्यायची, हे माझं काम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे सरकारी न्हाई तर?”

संपादकांनी मला दिवाळी अंकासाठी ‘प्रेरणादायी काहीतरी’ लिहायला सांगितलं आहे. आता निवृत्तीला आलेल्या बाईकडे प्रेरणेचा साठा असतो, असा संपादकांचा समज दिसतो. माझ्याकडे साठा आहे तो फजितीचा. त्यातलीच थोडी वाढते, गोड मानून घ्यावी.

आधी धंदा समजून घ्या. माणसाला पक्षाघात झाला किंवा गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, की घरच्यांचं सगळं लक्ष त्याच्या हातापायांकडे असतं. चालायला लागले की सुटलो, असं सगळे म्हणतात. खरी गंमत चालायला लागल्यावर सुरू होते. माणूस आपल्या पायांनी स्वयंपाकघरात जातो, गॅस पेटवतो आणि आपण इथे कशाला आलो होतो हे विसरून आपल्याच पायांनी बाहेर येतो. हात चांगले, पाय चांगले, बोलणं खणखणीत. फक्त कशानंतर काय करायचं हे सांगणारा जो डोक्यातला मुकादम असतो, तो रजेवर गेलेला असतो. तो परत कामावर येईपर्यंत बदली मुकादम नेमायचा, हे आमचं काम.

पूर्वी आमचा बदली मुकादम म्हणजे कपाटावर डकवलेल्या चिठ्ठ्या, गजराचं घड्याळ आणि दाराला बांधलेली घंटा. आता घरंच हुशार झाली आहेत. गॅसच्या नळीला एक झडप बसवतात, ती आपोआप बंद होते. दाराच्या चौकटीवर काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते दार उघडलं की परगावच्या मुलाच्या फोनवर निरोप धाडतं. आणि टेबलावर एक बोलका डबा असतो, तो ‘गोळी घ्या’, ‘नळ बंद करा’ असं सांगतो आणि आपण बोललेलं ऐकतो. ही सगळी यंत्रं चांगली आहेत. मला त्यांच्याबद्दल एकच तक्रार आहे, ती म्हणजे ती विकत मिळतात.

विकत मिळणारी गोष्ट माणूस जास्तीची आणतो. कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या एका घरी मी गेले, तर मुलांनी वडिलांसाठी सगळं घर हुशार करून ठेवलेलं. दिवे आपोआप लागत, पडदे आपोआप सरकत, सकाळी पाणी आपोआप गरम होई. वडिलांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पक्षाघातानंतर त्यांना निदान दिव्याचं बटण कुठलं हे कळत होतं, वर्षभरात तेही गेलं. मी परोपरीनं सांगितलं, की ही लहान पोराच्या सायकलीची बाजूची चाकं आहेत, हळूहळू काढून टाकायची असतात. मुलं म्हणाली, “पण मॅडम, वडिलांना त्रास कशाला?” वडिलांना त्रास देण्यासाठीच तर मी पैसे घेते, हे त्यांना पटवून देणं मला जमलं नाही. त्या घराचं आजही मला वाईट वाटतं.

दुसरी गोम भाषेची. डबा बोलतो ती भाषा कुणाच्याच घरात बोलत नाहीत. मुरगूडच्या एका आक्कांना मी असा डबा दिला होता. वेळ झाली की तो म्हणायचा, “कृपया आपली औषधे घ्यावीत.” पहिल्याच दिवशी आक्कांनी डोक्यावर पदर घेतला आणि सुनेला हाक मारली, “अगं, सोप्यात कोन तर सायबीण आलीया, च्या ठेव.” त्यांचं काय चुकलं? घरातलं माणूस कधी ‘कृपया’ म्हणत नाही. म्हणून मी डब्यात सुनेचा आवाज भरला. आक्का म्हणाल्या, “हिचं ऐकू व्हय मी?” शेवटी त्यांच्या थोरल्या भावाला गाठलं. तो डब्यातनं दरडावला, “पारू, गोळी घे,” आणि आक्का मुकाट्यानं गोळी घ्यायला लागल्या. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी गेले, की डबा कुठल्या कंपनीचा हे विचारण्याआधी या घरात कोण कुणाचं ऐकतं, हे विचारते.

तरीही तात्यांच्या घरी मला घाम फुटला.

तात्या शाहूपुरीतले. सगळा जन्म गुळाच्या धंद्यात गेलेला. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की ऊस कुठल्या गावचा ते सांगतात, असं त्यांचे मित्र म्हणत. मित्रांचं म्हणणं मी निम्मंच धरते. बायको, शालनकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा अभिजित बेंगळुरात कॉम्प्युटरमध्ये. तात्या एकटे राहायचे, हातानं करून खायचे आणि रोज सकाळी दोन गल्ल्या पलीकडे मित्राच्या गुळाच्या दुकानात जाऊन बसायचे. एक दिवस म्हैस आडवी आली आणि ते स्कूटरवरून पडले. कोल्हापुरात म्हशीला कुणी दोष देत नाही, त्यामुळे सगळ्यांनी तात्यांनाच दोष दिला.

जखम भरली, चालणं-बोलणं पूर्वीसारखं झालं, पण मुकादम परतला नाही. दूध गॅसवर ठेवून ते पेपर वाचत बसत. दार सताड उघडं टाकून झोपत. अभिजित म्हणाला, बेंगळुरात चला. तात्या म्हणाले, “तितं काय करू? खिडकीत बसून मोटारी मोजू?” बापलेकांचं बरंच वाजलं आणि शेवटी तह झाला. अभिजित घरात यंत्रं बसवणार, आणि त्यांच्या मदतीनं तात्यांना एकट्यानं नीट राहता आलं तरच ते कोल्हापुरात राहणार. दिवाळीला निकाल.

अभिजितनं सगळं स्वतः जोडलं, हौसेनं जोडलं. त्याची योजना साधी होती. बाहेर पडताना तात्यांनी दाराशी उभं राहून डब्याला सांगायचं ‘जातो’. की गॅसची झडप बंद, दिवे-पंखे बंद, आणि बेंगळुरात निरोप, ‘तात्या बाहेर गेले.’ परत आल्यावर म्हणायचं ‘येतो’. की झडप उघडी, दिवे चालू, टीव्ही चालू, डबा म्हणणार, “घरी आपले स्वागत आहे,” आणि निरोप, ‘तात्या घरी आले.’

वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. पण अभिजित लहानपणापासून वसतिगृहात शिकलेला, त्याच्या नाही आलं.

तात्या चपला घालून दाराशी आले आणि जन्मभर म्हणत आले तेच म्हणाले, “येतो.” झडप उघडली. दिवे लागले. टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या आणि डबा म्हणाला, “घरी आपले स्वागत आहे.” तात्या क्षणभर थांबले, मग चपला काढून आत आले आणि खुर्चीत बसले. घरी आल्यावर माणूस दुसरं काय करणार? थोड्या वेळानं पुन्हा आठवण झाली, पुन्हा चपला, पुन्हा “येतो”, पुन्हा स्वागत. बेंगळुरात अभिजितच्या फोनवर निरोपांची रीघ लागली. त्याचे वडील दिवसातून चार-चार वेळा घरी येत होते आणि एकदाही बाहेर जात नव्हते.

मित्राचा दुकानातून फोन आला, की पडल्यापासून तात्या दुकानात फिरकलेच नाहीत. आणि मग एके सकाळी तात्यांनी दूध तापत ठेवलं, चपला घातल्या, ‘येतो’ म्हणाले, त्यांचं स्वागत झालं, ते टीव्हीपुढं बसले. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, स्वयंपाकघरात धूर झाला. शेजारच्या मंगलकाकींनी आरडाओरडा केला म्हणून निभावलं. ‘जातो’ म्हटलं असतं तर झडप बंद झाली असती.

त्याच दिवशी अभिजितनं मला फोन केला. मला बोलावण्याचं कारण त्यानं सरळ सांगितलं. “मॅडम, तात्यांना आत आणि बाहेर यांतला फरक कळेनासा झालाय. मी दिवाळीत येऊन त्यांना घेऊन जाणार आहे. पण नंतर माझ्या मनाला टोचणी नको, म्हणून एकदा तुम्ही बघा.”

मी गेले. तात्यांनी माझ्यासमोर चपला घातल्या, ‘येतो’ म्हणाले आणि स्वागत झालं. मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरावा लागला. मग मी फोनवर अभिजितला विचारलं, “तुमच्या घरात कुणी बाहेर पडताना ‘जातो’ म्हणतं का रे?” मग तो म्हणाला, “ओह.” आणि मग इंजिनिअर लोक म्हणतात तेच म्हणाला, “मग त्यांना ‘जातो’ म्हणायला शिकवा ना.”

मी तात्यांना विचारून बघितलं. तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जणू डोक्याला मार मलाच लागला आहे. “काय वो बाई? शिकलेल्या न्हवं तुमी? घरातनं भाईर पडताना ‘जातो’ म्हणत्यात व्हय? ‘जातो’ म्हणून गेल्यालं माणूस माघारी येतंय का कधी?”

“मग त्या डब्याला कळत नाही त्याचं काय करायचं?”

“त्याला शिकवा. मी कशाला शिकू? त्यो आमच्या घरात आलाय, मी त्याच्या घरात न्हाई गेलो.”

मला हे तर्कशुद्ध वाटलं. आपण सकाळी काय खाल्लं हे ज्या माणसाला सांगता येत नव्हतं, त्यानं पाहुण्यानं यजमानाची रीत पाळावी, हे बरोबर सांगितलं होतं. अभिजितनं बेंगळुरातून शब्द बदलले. आता ‘येतो’ म्हटलं की झडप बंद, दिवे बंद, आणि परत येऊन ‘आलो’ म्हटलं की पुन्हा चालू. स्वागतही काढून टाकलं. मला वाटलं, संपलं काम.

पण तात्या बाहेर पडेनातच. ‘येतो’ म्हणायचे, उंबऱ्यावर उभे राहायचे. झडप ‘खट्’ करून बंद व्हायची, दिवे विझायचे, आणि तात्या मान थोडी आत वळवून तसेच उभे. मग हळूच दार लोटायचे आणि परत येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, “कुणास ठाऊक. जाववंना झालंय.” असं रोज. अभिजितला फोनवर दार उघडल्या-मिटल्याचे निरोप जात आणि तो मला रोज विचारी, “बघितलंत?” दिवाळी जवळ येत चालली होती. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की पोरगं म्हणतंय ते बरोबर आहे आणि तात्यांचं बस्तान इथून हलणार.

आमच्या कामात एक कडक नियम आहे. पेशंट काम करत असताना आपण तोंड उघडायचं नाही. खूण नाही, खोकणं नाही. तो कुठे अडतो ते बघायचं असतं. पण पेन घेऊन समोर बसलं की पेशंट परीक्षेला बसल्यासारखा बिचकतो, म्हणून मी काहीतरी घरकाम हाती घेते. त्या दिवशी मी ओट्याशेजारी मंगलकाकींची मेथी निवडत बसले होते. माझंच घर, माझीच मेथी, असं वाटावं इतकी त्यात रमले होते. दाराशी आवाज आला, “येतो!”

आणि मी मेथीवरची नजर न काढता म्हणाले, “या, सावकाश या.”

दार वाजलं. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली गेला. मी खिडकीत धावले तर तात्या झपाझप गल्ली ओलांडून मित्राच्या दुकानाकडे निघाले होते.

तीस वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता. मोडला तोही मेथीच्या नादात.

मग सगळं लख्ख दिसायला लागलं. त्या घरात शालनकाकू असेपर्यंत तात्यांनी दाराशी ‘येतो’ म्हणायचं आणि आतून ‘या, सावकाश या’ असं उत्तर यायचं, जसं कुठल्याही घरात येतं. उत्तर आलं की मग पाऊल बाहेर. त्या गेल्यानंतरच्या वर्षांत तात्या रिकाम्या घराला ‘येतो’ म्हणून बाहेर पडायला शिकले होते. पण डोक्याला मार लागला की नवं शिकलेलं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकतं. शालन गेली हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं, विचारलं तर सगळं सांगायचे. त्यांच्या पायांना मात्र ते आता ठाऊक नव्हतं. घरातून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय ते पाय उंबरा ओलांडत नव्हते. हे कळलं तेव्हा मी त्या स्वयंपाकघरात एकटीच होते आणि मला रडू आलं.

रडून झाल्यावर धंद्याचा विचार सुचला. डब्यानंच ‘या’ म्हणायचं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या आवाजात? अभिजितला मी सांगितलं तेव्हा तो फार हलला. त्यानं कुठल्याशा लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून आईचा आवाज शोधून काढला. त्यात काकू कुणा पाहुण्यांना ‘या, या’ म्हणत होत्या. हल्ली कॉम्प्युटर तेवढ्यावरून वाटेल ते बोलवून घेतो, म्हणे. मी तात्यांना न विचारता काही करत नाही, म्हणून विचारलं.

तात्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. “गेलेल्या माणसाला कामाला लावू नका, बाई. जन्मभर तिनं ह्या घराचं केलं. आता तरी सुट्टी द्या की तिला.”

मी माझा आवाज देऊ केला. “तुमी परक्या. उद्या तुमची फी थांबली की तुमी ‘या’ म्हणणार न्हाई.” हेही तर्कशुद्धच होतं.

राहिला मुलगा. अभिजितनं पहिल्यांदा जे पाठवलं ते असं होतं: “ओके तात्या, बाय, टेक केअर.” तात्यांनी ते ऐकलं आणि डब्याकडे पाठ फिरवली. मग मी फोनवर त्याची शिकवणी घेतली. ‘या’ असं म्हणायचं, जणू तू आत काहीतरी करतोयस, मान वर केलेली नाहीस, पण माणूस परत येणार हे तुला माहीत आहे. बेंगळुरातल्या कुठल्या तरी ऑफिसात एक मोठ्या पगाराचा माणूस जिन्यात उभा राहून ‘या, सावकाश या’ म्हणण्याचा सराव करत होता. शेवटी एकदाचं जमलं. तात्या म्हणाले, “हां. आता घरातला वाटतोय.”

त्यानंतर काम भराभर पुढे गेलं. दाराशी ‘येतो’ म्हटलं की डबा अभिजितच्या आवाजात विचारायचा, “गॅस?” तात्या मागं जाऊन बघून यायचे, “बंद हाय.” मग “किल्ली?” खिसा चाचपून, “हाय.” मग “या, सावकाश या.” की तात्या बाहेर. काही दिवसांनी मी ‘किल्ली’ काढून टाकली. तात्या आपणहून खिसा चाचपायला लागले. मग ‘गॅस’ काढला. एकदा-दोनदा विसरले, झडपेनं सांभाळलं, मग तेही बसलं. अभिजित एकदा मला फोनवर म्हणाला, “मॅडम, तात्यांना घरात सांभाळायला मी हे सगळं बसवलं, आणि आता रोज मीच त्यांना बाहेर पाठवतोय.” मी म्हटलं, “आता कळलं ना, आईबापांना कसं वाटत असेल ते, तुला वसतिगृहात पाठवताना?” हे मी म्हणायला नको होतं, पण म्हणून गेले.

शेवटी उरला तो एक ‘या’. तो काढावा की नाही, यावर मी स्वतःशीच पुष्कळ भांडले. कुणाचं काय बिघडत होतं त्यानं? पण कोल्हापुरात पावसात वीज जाते, आणि विजेआधी नेट जातं. अशा वेळी तात्या पुन्हा उंबऱ्यावर उभेच राहिले, तर मग हे घर त्यांना सांभाळत होतं, ते घराला नव्हे. अभिजितनं तहात हीच अट घातली होती, की यंत्राची मदत असली तरी गाडा तात्यांनी ओढला पाहिजे. मी तात्यांना आधीच सांगून टाकलं, “उद्यापासून डबा बोलणार नाही.”

“का? रुसलाय व्हय?”

“नाही. त्याचं काम झालं.”

दुसऱ्या दिवशी तात्या बाहेर पडले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आणि तिसऱ्या दिवशी अभिजित आला.

तो मला आधी भेटला. फोनवर त्यानं मला परतीची दोन तिकिटं दाखवली, एक त्याचं आणि एक तात्यांचं. “ठरलेलंच आहे, मॅडम. पण तुम्ही म्हणताय तर उद्या सकाळी एकदा बघू.” आम्ही असं ठरवलं, की तात्यांना तो आल्याचं कळू द्यायचं नाही. समोर मुलगा दिसला तर ती परीक्षा राहत नाही.

सकाळी आम्ही दोघं मंगलकाकींच्या व्हरांड्यात उभे होतो. तात्यांचं दार शेजारीच, अर्धवट उघडं. आतलं सगळं ऐकू येत होतं. कप विसळल्याचा आवाज. मग तात्यांचा, “गॅस... बंद हाय.” मग खिसा खुळखुळला. “किल्ली... हाय.” चपला दारापर्यंत आल्या.

“येतो.”

डबा गप्प होता. घर गप्प होतं. तात्या उंबऱ्यावर उभे असणार, मान आत वळवून, हे मला न बघताही दिसत होतं. अभिजितनं खिशातून फोन काढला. एक बोट लावलं असतं, तर डबा त्याच्या आवाजात बोलला असता. मी त्याचं मनगट धरलं. मी मनातल्या मनात जोतिबाला हाक मारली. आमच्या शास्त्रात ही पद्धत बसत नाही, पण त्या वेळी शास्त्रातलं काहीच आठवत नव्हतं. परत चपला काढल्याचा आवाज येईल, खुर्ची करकरेल, आणि दुपारच्या गाडीनं हा माणूस आपल्या गावातून कायमचा जाईल, एवढंच डोक्यात होतं.

मग आतून आवाज आला, “या. सावकाश या.”

आवाज तात्यांचाच होता. शालनकाकूंची नक्कल नव्हती, मुलाची नव्हती. थोडा हळू, थोडा आतल्या खोलीतून आल्यासारखा. लगेच तात्या बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, आणि वळले तर समोर आम्ही.

अभिजितचा चेहरा उतरला होता. तो माझ्या कानाशी पुटपुटला, “मॅडम, ते घरात कुणाशी तरी बोलत होते.” दुसऱ्यानं सांगायचं ते माणूस स्वतःच स्वतःला मोठ्यानं सांगू लागला, की आमच्या धंद्यात त्यालाच बरं होणं म्हणतात. पण हे त्याला समजावून सांगायला मला वेळच मिळाला नाही. तो पुढं झाला आणि वेड्याला विचारतात तसं, एकेक शब्द सुटा करून त्यानं विचारलं, “तात्या, आत्ता तुम्हाला ‘या’ कोण म्हणालं?”

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं सगळं.

“कोण म्हणजे? मीच की,” तात्या म्हणाले. “घरात दुसरं कोण हाय म्हणायला? त्या डब्याला ह्या बाईंनी गप केलाय, तू तिकडं बेंगळुरात. मग मीच येतो म्हटलं, मीच या म्हटलं, आन् आलो भाईर. ह्यात इचारायसारखं काय हाय?” मग माझ्याकडे वळून, मुलाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “बाई, डोक्यावर मी पडलोय का ह्यो?”

अभिजित व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसला. आधी हसला, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. तात्या थोडे घुटमळले, पण दुकान उघडायची वेळ झाली होती. “बस जरा. आलोच,” असं म्हणून ते जिना उतरायला लागले. निम्म्या जिन्यात थांबले. वर मान केली नाही, नुसते थांबले.

अभिजितनं तोंड पुसलं. फोन उघडून त्यानं दोनांतलं एक तिकीट रद्द केलं, आणि मग जिन्यावरून खाली वाकून मोठ्यानं म्हणाला, “या, तात्या. सावकाश या.”